‘कुंडलिनी ऊर्जा’ की ‘कुंडलिनी शक्ती’?

योगपरंपरेत पाठीच्या कण्याच्या तळाशी सापासारखी वेटोळे घालून निजलेली, साधनेने जागी होऊन वर चढणारी जी शक्ती मानतात ती कुंडलिनी. तिच्याबद्दल प्रश्न असा आहे : ‘कुंडलिनी ऊर्जा’ हा शब्दप्रयोग बरोबर की ‘कुंडलिनी शक्ती’? पत्रिकेतल्या कुंडलीशी या शब्दाचा काही संबंध आहे का? ‘जागृत’ लिहावे की ‘जाग्रत’? आणि विज्ञान या ऊर्जेला काय म्हणते? यातला शेवटचा प्रश्न शब्दचर्चेत बसत नाही असे वाटेल, पण मला तो पहिल्या प्रश्नाच्या पोटातलाच वाटतो. कुणी ‘ऊर्जा’ म्हटले नसते, तर तो या रूपात पडलाच नसता.

व्युत्पत्ती सोपी आहे. कुंडल म्हणजे कडे, वलय. कानातले कुंडल हा त्याचाच एक अर्थ. त्याला इन् प्रत्यय लागून कुंडलिन्, म्हणजे वेटोळी असलेला. अमरकोशात सापाच्या नावांमध्ये ‘कुण्डली’ येतो तो हाच. त्याचे स्त्रीलिंगी रूप कुंडलिनी. पत्रिकेतली कुंडली त्याच मुळाची, पण ती राशींच्या वलयाकडे गेली आणि ही सापाकडे. गंमत म्हणजे पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिका या योगग्रंथात या शक्तीचे जे सात पर्याय दिले आहेत त्यांत ‘कुंडली’ही आहे : कुटिलांगी, कुंडलिनी, भुजंगी, शक्ती, ईश्वरी, कुंडली, अरुंधती. त्यामुळे ‘त्याची कुंडली जागी झाली’ हे वाक्य शास्त्राला धरून आहे. फक्त आजच्या वाचकाला त्यात ज्योतिषी दिसेल.

याच यादीत पहिल्या प्रश्नाचे उत्तरही आहे. शक्ती हे कुंडलिनीचे नावच आहे, तिच्याजवळ असलेली वस्तू नव्हे. म्हणून ‘कुंडलिनी शक्ती’ म्हणजे कुंडलिनी नावाची शक्ती. ‘कुंडलिनीची शक्ती’ असे षष्ठी लावून लिहिले की अर्थ घसरतो.

मराठीत हा विषय निघाला की ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाला वळसा घालून जाता येत नाही. गीतेच्या मूळ सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे नाव नाही. पतंजलीच्या योगसूत्रांतही नाही. तिथे नाभिचक्राचा उल्लेख आहे, पण सर्पिणी नाही. ज्ञानेश्वरांनी ती नाथपरंपरेतून आणली आणि शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, तिला अशी मराठी दिली की पुढच्या कोणत्याही भाषांतराने लाजावे. ती ‘मोटकी औट वळणी’ निजलेली आहे. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ (चौथा अर्धा असलेले), त्याचे प्राकृत अद्धुट्ठ, त्याचे मराठी औट. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीबरोबर औटकी पाठ करून घेत ती हीच, आणि ‘औटघटकेचे राज्य’मधला औटही हाच. मनुष्यदेहालाही औट हातांचा म्हणत आले आहेत. संस्कृत ग्रंथांतल्या ‘सार्धत्रिवलया’ला इतका घरचा प्रतिशब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत मिळाला असेल असे मला वाटत नाही.

ही सर्पिणी जागी कशाने होते? ‘आसनाचा उबारा’ लागून. आणि जागे होण्याला तिथे शब्द आहे ‘उजगरा’. आपण आज ‘कुंडलिनी जागृती’ असे जड जोडकाम करतो, त्यापुढे उजगरा किती हलका! पुढे ज्ञानेश्वर तिला जगदंबा म्हणतात. आणि त्याही पुढे, ती हृदयापाशी पोचल्यावर, तिचे नावच काढून घेतात : आता कुंडलिनी ही भाषा संपली, आता हिला मारुत म्हणायचे; पण जोवर ती शिवात मिळत नाही तोवर तिचे ‘शक्तिपण’ उरतेच. एकाच गोष्टीला अवस्थेनुसार नावे बदलत जाणारा हा लेखक शब्दांच्या बाबतीत किती सावध होता ते यावरून दिसते. शक्ती हा इथे शिवाच्या जोडीने येणारा शब्द आहे. शिव वगळला तर तो अर्धाच राहतो.

आता ‘ऊर्जा’. शब्द अस्सल वैदिक कुळातला. ऊर्ज् म्हणजे बळ, पोषण, अन्नातला जोम. यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘इषे त्वोर्जे त्वा’ आहे आणि कार्तिक महिन्याचे वैदिक नाव ‘ऊर्ज’ आहे. पण या जुन्या अर्थाने आज कोणी ऊर्जा म्हणत नाही. आजची ऊर्जा पाठ्यपुस्तकातून आली. तिथे बल, शक्ती आणि ऊर्जा या तीन वेगळ्या राशी आहेत : बल न्यूटनमध्ये, शक्ती वॉटमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये. कुंडलिनीला ऊर्जा म्हणायची चाल जुन्या मराठीत नाही. जॉन वुड्रॉफ या कलकत्ता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ‘आर्थर अॅव्हलॉन’ या नावाने 1919 मध्ये षट्चक्रांवरचा, म्हणजे योगात शरीरात मानलेल्या सहा केंद्रांवरचा, ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा त्यांनीही शीर्षकात ‘पॉवर’ घेतला होता, ‘एनर्जी’ नव्हे. माझा कयास असा की शक्ती इंग्रजीत जाऊन पुढे ‘एनर्जी’ झाली आणि तिथून ‘ऊर्जा’ होऊन घरी परतली. परतताना शिव तिकडेच राहिला आणि ज्यूल बरोबर आला. मग ‘ही ऊर्जा मोजता येते का?’ असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येत नाही. शब्दानेच त्याला तसे विचारायला लावले आहे.

आणि उत्तर असे की अशी कोणतीही स्वतंत्र ऊर्जा कोणत्याही उपकरणावर मोजली गेलेली नाही. मोजता येतात ते साधकाच्या शरीरातले बदल, आणि त्यांतल्या बऱ्याच बदलांची कारणे माहीत आहेत. भस्त्रिकेसारखा जलद श्वसनाचा प्रकार जोरात आणि बराच वेळ केला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यातले मुक्त कॅल्शियम घटते. त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, बोटे आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसल्याने हलके, तरंगल्यासारखे वाटते. काही जण पोटातून वर चढत जाणाऱ्या लाटेचे वर्णन करतात. मेंदूच्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) खंडातल्या अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची, सुरुवातही पुष्कळदा नेमकी अशाच संवेदनेने होते. याचा अर्थ प्रत्येक साधक अपस्माराचा रुग्ण असा अजिबात नाही. वर चढणारी लाट अनुभवायला लावणारी यंत्रणा मेंदूत आहे, एवढेच त्यातून कळते.

उष्णतेची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण तिथे ‘आसनाचा उबारा’ थर्मामीटरवर आला. तिबेटी बौद्धांची तुम्मो ही शरीरात उष्णता जागवण्याची साधना कुंडलिनीची जवळची नातलग. तिचे संस्कृत नाव चंडाली. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांच्या चमूने 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत अशा साधकांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान 8.3 अंश सेल्सिअसपर्यंत वाढलेले आढळले. 2013 मधल्या दुसऱ्या अभ्यासात शरीराचे अंतर्गत तापमानही 38.3 अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. त्या अभ्यासकांच्या मते उष्णता निर्माण होते ती पोटाचे आणि ओटीपोटाचे स्नायू आवळून धरलेल्या श्वासाने, आणि ज्वाळेचे ध्यान ती टिकवायला मदत करते. धरलेला श्वास म्हणजे आपला कुंभक आणि आवळणे म्हणजे बंध. कृती जुन्या पोथ्यांशी जुळते. मात्र ही ऊर्जा स्नायूंची, अन्नातून आलेली; वैदिक ‘ऊर्ज्’शी नाते जोडायचेच असेल तर ते इथे जुळेल.

कुंडलिनी शरीरात नेमकी कुठे, हे दाखवण्याचे प्रयत्नही झाले. मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी 1927 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ती म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू असे मांडले. जुळणी नीट बसत नाही : व्हेगस मेंदूच्या देठातून निघून मान आणि छातीतून पोटात उतरतो, पाठीच्या कण्यातून जात नाही, सुषुम्नेची, म्हणजे कुंडलिनी जिच्यातून वर चढते त्या नाडीची, वर्णने मात्र मेरुदंडाची आहेत. तरीही रेळ्यांची कल्पना मला टाकाऊ वाटत नाही. व्हेगसचे बहुसंख्य तंतू खालून वर, अवयवांकडून मेंदूकडे, संदेश नेतात आणि संथ, लांब उच्छ्वासाने हृदयाची गती कमी होते तीही त्याच्याच द्वारे. त्याच्या उलट टोकाला आर्यसमाजाचे संस्थापक स्वामी दयानंद. त्यांनी नदीत वाहत आलेले प्रेत फाडून चक्रे शोधली, सापडली नाहीत, तेव्हा पोथ्याही प्रेताबरोबर नदीत सोडून दिल्या, असे त्यांनीच आत्मकथनात लिहिले आहे. हिंमत दाद देण्याजोगी, पण दोघेही चक्र आणि कुंडलिनी ही नामे पदार्थांचीच असणार असे धरून चालले होते. ध्यानात कुठे लक्ष ठेवायचे त्या जागांची ती नावे असतील, तर सुरीला ती सापडणार कशी?

म्हणून माझी शिफारस : परंपरेबद्दल लिहिताना ‘कुंडलिनी’ एवढेच पुरे, फार तर ‘कुंडलिनी शक्ती’. शरीरातल्या बदलांबद्दल लिहिताना त्या बदलांचीच नावे घ्यावीत; उष्णता, श्वास, नाडीचे ठोके. ‘कुंडलिनी ऊर्जा’ दोन्हीकडे अडचण करते. आणि साधना करताना कोणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली, भास होऊ लागले, तर त्याला कुंडलिनी म्हणावे की आणखी काही हा वाद बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 1994 च्या निदानसूचीत धार्मिक वा आध्यात्मिक अडचण अशी वेगळी नोंद केलेली आहे, तेव्हा असा अनुभव सांगितला म्हणून कोणी लगेच वेडा ठरवत नाही.

राहिले ‘जागृत’. संस्कृतात ‘जाग्रत्’ म्हणजे जागा असलेला आणि ‘जागरित’ म्हणजे जागा झालेला. ‘जागृत’ त्या व्याकरणात बसवायला कष्ट पडतात. मराठीत मात्र जागृत देवस्थानापासून जागृत नागरिकापर्यंत तो रुळला आहे, तेव्हा खुशाल लिहावा. ‘कुंडलीनी’ मात्र नको : योगिनी, पद्मिनी यांच्याप्रमाणे लि ऱ्हस्व, नी दीर्घ.