संध्याकाळच्या तल्लफेचे मूळ

सोलापूर

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीन महिन्यांत चार किलो वजन उतरल्याचे वाचून फार बरे वाटले, पण त्यापुढच्या मजकुराशी मी थांबले. संध्याकाळी पाचच्या सुमारास टॉवेल कारखान्याच्या कचेरीत हिशेब मिटवण्याच्या वेळी गोड खाण्याची अशी तल्लफ येते की कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणल्यावाचून राहवत नाही, चार पेढे उभ्याउभ्याच संपतात, आणि मग रात्रीचे जेवणही नको वाटावे इतकी स्वतःची लाज वाटते, असे तू लिहिले आहेस. शेवटी ‘बाई, माझ्या मनाला ताबाच नाही’ असेही एक वाक्य आहे. ते मी मान्य करणार नाही. जी मुलगी पहाटे साडेपाचला उठून कंबर तलावाकडे चालायला जाते आणि दिवसभर आकड्यांत डोके घालूनही एक चूक होऊ देत नाही, तिच्या मनाला ताबा नाही असे कसे म्हणावे?

दिनक्रम सविस्तर लिहिलास हे चांगले केलेस, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. सकाळी नुसता चहा, दुपारी एक वाजता अर्धी कडक भाकरी आणि काकडीची कोशिंबीर, त्यानंतर पाचपर्यंत पुन्हा तीन वेळा चहा. म्हणजे पहाटेपासून जवळजवळ बारा तास तू चाललीस, बसच्या गर्दीत उभी राहिलीस, डोके शिणवलेस, आणि या साऱ्यासाठी शरीराला मूठभर अन्न दिलेस. पाच वाजता गोड मागते ती निव्वळ भूक आहे. तिला मनाचा दुबळेपणा समजू नकोस. पोट बराच वेळ रिकामे राहिले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि ते मेंदूला अन्नाकडे ओढते. अशा वेळी वाटीभर मटकी कोणाला आठवत नाही. जे चटकन शक्ती देईल आणि ज्याने पूर्वी सुख दिले आहे तेच डोळ्यांसमोर येते, आणि आपल्याकडे ते बहुधा गोडच असते.

एक जुना प्रयोग मी वर्गात नेहमी सांगत असे, तो तुला आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले होते. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार देणारे, स्वखुशीने प्रयोगात आलेले होते. त्यांच्या निग्रहाविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती. तरीही उपासमार वाढत गेली तसे अन्नाचे विचार त्यांची पाठ सोडेनात. बोलणे अन्नाचे, स्वप्ने अन्नाची; काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवून तासन्‌तास वाचत बसू लागले. अशा माणसांची ही गत झाली, तर अर्ध्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या तुला पेढे दिसले यात नवल नाही.

म्हणून पहिला बदल पेढ्यात करू नकोस, डब्यात कर. दीड-दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, वाटीभर दही, कोशिंबीर आणि चमचाभर शेंगा चटणी एवढे दुपारच्या डब्यात असू दे. उसळ, डाळ आणि दही यांतील प्रथिनांमुळे आणि ज्वारीतील तंतूंमुळे पोट भरल्याची जाणीव जास्त वेळ टिकते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्या जिल्ह्यात पिकत असताना वजन उतरवण्यासाठी महागड्या पाकिटांतले काही विकत आणण्याची गरज मला कधीच पटली नाही. एवढे खाल्ले तर वजन वाढेल, अशी भीती तुला वाटेल. तेव्हा हिशेब कर, तो तुझ्या हातचाच आहे. वीस ग्रॅमच्या पेढ्यात साधारण ऐंशी कॅलरी धरल्या, तर चार पेढ्यांच्या तीनशेच्या वर जातात. दुपारी वाचवलेली एक भाकरी आणि उसळ यांच्या कॅलरी जवळपास तेवढ्याच. जे दुपारी टाळलेस तेच पाच वाजता पेढ्यांच्या रूपाने परत आले, फरक इतकाच की उसळीने रात्रीपर्यंत आधार दिला असता आणि पेढ्याने तासाभरात पुन्हा भूक लावली. शिवाय पाचची वेळ ठाऊक आहे, तर चार वाजताच मूठभर फुटाणे किंवा एखादा पेरू खात जा. शेंगदाणेही चालतील, मात्र ते मोजून घे, कारण तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे एकशे सत्तर कॅलरी असतात आणि कचेरीत पिशवी समोर असली की हात थांबत नाही.

आता चहा. दिवसाचे चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे; चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर बत्तीस ते चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस वगैरे मिळून येणारी शक्ती दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांच्या खाली गेली तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. पेढ्याला हात लावण्याआधीच तू ती मर्यादा चहात ओलांडतेस. साखर एकदम बंद करू नकोस. दर पंधरवड्याला प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी कर. जिभेला सवय लागायला काही आठवडे जातात, पण एकदा लागली की जुना चहा पाकासारखा लागतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे सुटलो, असा समज आपल्या घराघरांत आहे. गुळाची चव वेगळी आणि मला प्रिय, पण वजनाच्या दृष्टीने तो साखरेच्या अगदी जवळचाच. साखरेऐवजी चहात टाकायच्या गोडव्याच्या गोळ्यांविषयी विचारले आहेस. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांवर विसंबू नये, असे याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे, आणि माझेही मत तेच आहे, कारण त्यांनी जिभेची गोडाची सवय जशीच्या तशी राहते. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की रसवंतीवरची घुंगरे ऐकून पाय आपोआप वळतात. तिथल्या एका पेल्यात पाच-सहा चमचे साखर सहज असते, तेव्हा तहान आधी पाण्याने किंवा ताकाने भागव.

मग गोड कायमचे सोडायचे का? नाही. याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच मी स्वतः चुकले होते. पंचेचाळिशीत वजन फार वाढले तेव्हा मी पाडव्याला गोड पूर्ण बंद केले. साखरगाठीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. चार महिने निभावले, सगळ्यांनी कौतुक केले, आणि श्रावणात घरातल्या एका साखरपुड्याला एक जिलेबी खाल्ली. त्या एका जिलेबीने काहीही बिघडले नसते. पण ‘आता मोडलेच आहे’ असे मनात आले, आणि त्या दिवशी मी पोट दुखेपर्यंत खाल्ले, दुसऱ्या दिवशी उरलेले खाल्ले, आणि दिवाळीपर्यंत गेलेले सगळे वजन परत आले. माझी चूक जिलेबीच्या दुसऱ्या दिवशी झाली. तुझे चार पेढेही असेच आहेत. शरीरातल्या एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. तीनशे कॅलरींच्या पेढ्यांनी तुझे तीन महिन्यांचे श्रम वाहून जात नाहीत. पण त्या लाजेपोटी रात्री उपाशी झोपलीस, तर दुसऱ्या दिवशी पाच वाजता तल्लफ दुप्पट होऊन येणार आहे. ज्या दिवशी पेढे खाल्ले जातील त्या रात्रीही नेहमीचे जेवण कर.

आपल्या सोलापुरी शेंगा पोळीचेच बघ. माझ्या मापाने एका पोळीच्या सारणात पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि पंचवीस ग्रॅम गूळ जातो, वर तेवढीच कणीक आणि चमचाभर तूप; सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. ही पोळी भुकेल्या पोटी, उभ्याने, डब्यातून मोडून मोडून खाल्ली तर तीन कधी संपतात ते कळत नाही. तीच जेवणात, भाकरी-आमटीनंतर, पानात वाढून, एका भाकरीच्या जागी अर्धी घेतली तर तिची चव पूर्ण मिळते आणि मन तृप्त होते. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस ठरव आणि त्या दिवशी आवडीचे गोड जेवणाचा भाग म्हणून खा, ताटात घेऊन, बसून, मोबाइल बाजूला ठेवून. ठरलेल्या दिवशी मिळणार आहे हे माहीत असले की मधल्या दिवसांतली ओढ पुष्कळ सौम्य होते.

इतके करूनही कधी पाचला तल्लफ येईलच, कारण रोज त्याच वेळी त्याच दुकानात जाण्याची पावलांना सवय झाली आहे. तेव्हा ‘खायचे नाही’ असे स्वतःला बजावत बसू नकोस, पंधरा मिनिटे थांब आणि ती चालण्यात घालव. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांना २००९ मधील एका अभ्यासात असे आढळले की नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांची चॉकलेटची ओढ पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्याने कमी झाली. कारखान्याच्या आवारात फेऱ्या मार, दुकानाच्या उलट दिशेने जा. पंधरा मिनिटांनंतरही पेढा हवासा वाटला तर एक घे, आणि बसून खा.

झोपेविषयी तू एकच ओळ लिहिलीस, पण मला तीच सर्वांत खटकली. रात्री बारापर्यंत जागरण आणि पहाटे साडेपाचला उठणे. शिकागोच्या संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास अंथरुणात राहू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन वाढले, तृप्तीची खूण देणारे लेप्टिन घटले आणि गोड-पिठाळ पदार्थांची इच्छा विशेष वाढली. साडेपाच तासांच्या झोपेवर गोडाशी झुंजणे म्हणजे हात बांधून पोहणे आहे. चालणे पहाटे जमत नसेल तर संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चाल, पण आधी सात तास झोप. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ही ओढ अनेक मुलींना अधिक जाणवते. त्या दिवसांत स्वतःवर जास्त कडक होऊ नकोस आणि वजनाचा काटाही पाहू नकोस, कारण त्या वेळी अंगात पाणी साठल्यानेही आकडा वर जातो.

उपवासांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. श्रद्धेने करतेस तर अवश्य कर, वजनासाठी करू नकोस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

राहिला आग्रह, आणि तो सर्वांत अवघड, कारण त्यामागे माया असते. मावशी ‘माझ्यासाठी एवढे तरी घे’ म्हणते तेव्हा तिला कॅलरी सांगू नयेत. तिला तो नकारच वाटेल. पानात आधीच थोडे वाढून घे, सावकाश खा, आणि चव घेऊन तिचे मनापासून कौतुक कर. रिकामे पान दिसले की पुन्हा वाढले जाते, म्हणून शेवटचा घास शेवटपर्यंत राहू दे. आणखी आग्रह झाला तर ‘आता पोट भरले आहे, उद्यासाठी डब्यात द्या’ असे म्हण आणि घरी आल्यावर सगळ्यांत वाटून टाक. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा जो भेटेल तो तिळगूळ देतो. तो नाकारायचा नसतो. एक कण तोंडात टाकून बाकीचा रुमालात बांधला तरी देणाऱ्याचा मान राहतो. कचेरीतल्या पेढ्यांच्या खोक्याला मात्र असे भावनेचे बंधन नाही. ते तुझ्या टेबलावर ठेवू नका, एवढे सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांग.

दोन गोष्टींसाठी माझ्या पत्रावर अवलंबून राहू नकोस. गोडाच्या ओढीबरोबर तहान फार लागत असेल, लघवीला वारंवार जावे लागत असेल किंवा अकारण थकवा असेल, तर रक्तातील साखर तपासून घे. आणि लपून, थांबवता न येता खाल्ले जात असेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना भेट आणि मलाही सांग. यात लपवण्यासारखे काही नाही. इतर आजारांसारखाच हाही उपचारांनी बरा होणारा आजार आहे.

सध्या वजनाचा काटा कपाटात ठेव आणि दोन आठवडे एका वहीत चारच गोष्टी लिही: दुपारी काय खाल्ले, रात्री किती तास झोपलीस, तल्लफ किती वाजता आली, आणि तेव्हा आसपास काय चालले होते. खाल्ले की नाही, याची नोंद नको. वही घेऊन त्यानंतरच्या रविवारी अकरा वाजेपर्यंत घरी ये, आपण दोघी मिळून ती वाचू. येताना न्याहारी करून ये. जेवायला भाकरी, मटकी आणि आमटी असेल, आणि तुझ्या पानात अर्धी शेंगा पोळी.

तुझी,
बाई