‘दोन कल्याण वाही गयात’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे. एका विनोदी कथेत दोंडाईचाकडचे मास्तर सारंगखेड्याच्या यात्रेतून ‘पंचकल्याणी’ घोडी घेतात आणि तापीत धुऊन घरी आणतात. मास्तरीणबाई तिला निरखून अहिराणीत म्हणतात, “दोन कल्याण ते पानीमा वाही गयात!”, म्हणजे दोन कल्याणं तर पाण्यात वाहून गेली. यात हसायचं कुठे? आणि घरच्या बैलांची नावं ढवळ्या-पवळ्या का?

पंचकल्याणी हे त्या घोडीचं लाडाचं नाव नव्हे. चारही पाय खुरापासून वर पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, अशा पाच जागी पांढरं असलेल्या जनावराला पंचकल्याणी म्हणतात. ही खूण शुभ मानतात, म्हणून किंमतही चढते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एक चक्कर मारा. अबलख, नुकरा, देवमण हे शब्द कानावर पडतीलच. अबलख म्हणजे दोन रंगांचा, नुकरा म्हणजे पांढराशुभ्र, आणि देवमण हा तर रंगही नाही, गळ्यावरचा शुभ भोवरा.

आता कथेकडे या. व्यापाऱ्याने दोन पायांना चुना फासला होता. लेखकाने चुन्याचा शब्दही काढलेला नाही, ते काम त्याने तापीवर सोपवलं. उरली ‘त्रिकल्याणी’. शिवाय ‘कल्याण झालं’ आपण वाटोळं झालं या अर्थानेही म्हणतोच, त्यामुळे बाईंचा टोला मास्तरांच्या पैशालाही लागतो. मला तरी कथेतलं हे सगळ्यात सरस वाक्य वाटलं.

बैलांचं सोपं आहे. ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा. पवळ्या पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. निमाडी बैल तसेच तांबडे, अंगावर पांढरे डाग असलेले; सातपुड्याच्या पायथ्याला ते नवे नाहीत. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला ‘वाण’ म्हणजे वर्ण, रंग. नावांतले रंग ठाऊक नसतील तर म्हण अर्धीच कळते. मास्तर त्या व्यापाऱ्यासोबत चहा पीत बसतात तेव्हा बाई हीच म्हण पुटपुटतात, ती बैलांसाठी नाही.

एक जाता जाता. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, पोळ्याचा पोया होतो. तेव्हा बाईंचे संवाद मोठ्याने वाचताना ‘ढवया-पवया’ म्हणून बघा.