पाच मिनिटांत बाबा कसे सांगू?

‘ताई, येत्या जूनमध्ये बाबांचं वर्षश्राद्ध आहे. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. भावाने हॉल घेऊन स्मरणाचा कार्यक्रम ठेवलाय आणि पाच मिनिटं मी बोलायचं, हे परस्पर ठरवून टाकलंय. जो तो म्हणतो, असा बाप आणि असा आजोबा होणे नाही. आजोबा ते खरंच तसे होते. माझ्या लेकीला शाळेत सोडणं, आणणं, तिच्या दोन वेण्या घालणं, सगळं तेच करायचे. पण माझी वेणी त्यांनी कधी घातली नाही. माझ्या लहानपणी दिवाळीला ते घरी असल्याचं मला आठवत नाही. लेकीचे लाड बघून माझ्या पोटात दुखायचं, ते गेल्यावरही दुखतं. हे माइकवर कसं बोलू? आणि हे गिळून ‘प्रेमळ पिता’ तरी कसं म्हणू?
– एक मुलगी, सातारा जिल्हा
ता. क. माझ्या वह्यांना कव्हरं मात्र तेच घालायचे.’

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ताज्या कलमात टाकलंत! त्याकडे येते, पण आधी पोटदुखीचं बघू.

तिची लाज बाळगू नका. जे आपल्याला हवं होतं ते डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ओंजळीत पडताना दिसलं की दुखतंच, मग ती ओंजळ पोटच्या पोरीची का असेना. यात तुमचं लेकीवरचं प्रेम कमी होत नाही आणि बाबांवरचंही नाही.

आता दिवाळीचं. एस.टी.च्या घरात सण म्हणजे जादा गाड्या. दिवाळी असो, गणपती असो की आषाढीची पंढरपूर वारी, लोकांना सुट्टी लागली की कंडक्टरची ड्युटी लागते. त्यात वस्तीची गाडी असली की रात्र परगावी. तेव्हा तिकिटांचा ट्रे, पंच आणि पैशांची चामडी पिशवी सांभाळत दिवसभर उभं राहायचं, रात्री हिशेब जुळवायचा आणि कमी पडले तर खिशातून भरायचे. असा माणूस घरी आला की झोपतो. पोरांना आठवतो तो दुपारचा बंद दरवाजा आणि आईचं ‘हळू बोला’.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. तेव्हा घरात आजी-आजोबा, चुलते होते का? असतील तर त्या काळी बऱ्याच घरांत थोरामोठ्यांसमोर बापाने स्वतःच्या लेकराला उचलून घ्यायचं नाही, असा अलिखित नियम होता. पुतण्याला खांद्यावर बसवलेलं चाले, पोटच्या पोरीला जवळ घेतलं की कुणीतरी टोमणा मारायचाच. बाबा निवृत्त झाले तोवर ड्युटीही संपली होती आणि टोमणे मारणारेही राहिले नव्हते. मग नातीच्या वेण्या घालायला त्यांना कोण अडवणार होतं?

हे झालं कारण. कारण कळलं म्हणून भरपाई होत नाही. तुमची वेणी राहिली ती राहिलीच, आणि तसं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आता ती कव्हरं. खाकी कागद, घड्या, कोपरे दुमडणं, वर नावाचं लेबल, म्हणजे डझनभर वह्यांना चांगलं तासा-दीड तासाचं काम. हे ते कधी करायचे? वस्तीवरून आल्यावर, तुम्ही शाळेत असताना? लेबलावरचं नाव कुणाच्या अक्षरात? आईला विचारा. एखादी जुनी वही माळ्यावर सापडली तर सोनंच. नाही सापडली तरी आईला बोलतं करायला एवढा प्रश्न पुरे. ‘बाबांविषयी काहीतरी सांग ना’ असं विचारलं की माणूस रडतो. ‘कव्हरं कधी घालायचे गं?’ म्हटलं की आठवून सांगतो.

आणखी एक करा. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, म्हणून १ जूनला एस.टी.चा वर्धापनदिन असतो. बाबांच्या डेपोतले जुने लोक त्या दिवशी एकमेकांना फोन करत असतील. त्यांच्यातल्या एखाद्याला गाठा. मुक्कामाच्या गावात रात्री जेवताना बाबा घरचं काय बोलायचे, ते ड्रायव्हरला ठाऊक असतं, बायकोला नाही. कदाचित काहीच बोलत नसतील. तेही कळू दे.

भाषणाची सुरुवात अशी करा: ‘माझ्या लहानपणी बाबा दिवाळीला घरी नसायचे.’ समोर बसलेल्या एस.टी.वाल्यांच्या बायका माना डोलावतील. मग कव्हरं सांगा, मग नातीच्या वेण्या. ‘मला तिचा हेवा वाटायचा’ हे तोंडातून निघालं तर निघू द्या, लोक हसतील, आणि त्यातल्या निम्म्या लेकींना आपापला बाप आठवेल. ‘आधारवड’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’, ‘कुटुंबासाठी आयुष्य वेचलं’ हे सगळं भावाच्या पेपरातल्या जाहिरातीसाठी राखून ठेवा. जाहिरातीत ते चालतं, तिथे वाद घालू नका. फ्लेक्सवरूनही वाद नको. (फ्लेक्सवरून भावंडांचे अबोले झालेले मी पाहिलेत, ते काही खरं नाही.)

भाषण आईला आधी वाचून दाखवा. परवानगीसाठी नव्हे. तिने ते पहिल्यांदा भरल्या हॉलमध्ये ऐकू नये एवढ्यासाठी. ‘हे कशाला?’ म्हणाली तर शांतपणे विचारा की यातलं खोटं काय आहे. खोटं असेल ते काढा, खरं तसंच ठेवा.

लेकीला मात्र माइकपुढे उभं करू नका. नातवंडं रडली की पाहुण्यांचा जीव भरून येतो, पण पोराला ते वर्षानुवर्षं टोचत राहतं. तिच्याशी घरीच बोला. आता तिच्या वेण्या कोण घालतं? तुम्ही घालत असाल तर आजोबा कशा घालायचे ते तिलाच विचारून घ्या. ‘तू फार ओढतेस’ अशी तक्रार येणार, ती ऐकून घ्या.

शेवटचं, कामाचं. भटजींचे विधी तिथीला उरकून घ्या, आणि हॉलचा कार्यक्रम जमलं तर रविवारी ठेवा म्हणजे नोकरदार माणसं येतील. आणि भावाला बजावा की तुमचं बोलणं जेवणाच्या आधी. एकदा पंगत बसली की माइकवर कोण काय बोलतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं.