शिकागोतला व्हॅम्पायर आणि आपला वेताळ

एका वाचकाने विचारले आहे : ‘१९२०च्या दशकातल्या शिकागोत घडणारी रहस्यकथा मी मराठीत लिहितो आहे. नायक खाजगी डिटेक्टिव्ह आहे आणि तो व्हॅम्पायरही आहे. व्हॅम्पायरला वेताळ म्हणू, पिशाच्च म्हणू की रक्तपिपासू? गँगस्टर, चोरून दारू विकणारे बूटलेगर, दारूबंदीतली चोरटी मद्यगृहे म्हणजे स्पीकईझी, यांचे काय करू? सगळे शब्द इंग्रजी ठेवले तर कथा मराठी वाटत नाही.’

नायकाला व्हॅम्पायरच म्हणा. कथेला मराठीपण येईल ते त्याच्या आजूबाजूच्या शब्दांतून, क्रियापदांतून आणि पात्रांच्या तोंडच्या बोलीतून, आणि तिथे आपल्या भाषेकडे भरपूर साठा आहे. पण आधी वेताळाबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण तो पर्याय बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो.

ही सांगड जुनी आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली विक्रम-वेताळाच्या काही गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. इंग्रज वाचकाला ओळखीचे भूत हवे होते, ते मिळाले. पण मूळ गोष्टीतला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसतो आणि त्याला कोडी घालतो. राजाच्या मानेकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याला राजाचे रक्त नको असते, उत्तर हवे असते.

त्यातही एक कोडे तुमच्या कामाचे आहे. एका ब्राह्मणाला एक बाई श्रद्धेने अन्न देते. तो ते झाडाखाली ठेवून हातपाय धुवायला जातो. वर ससाणा साप धरून बसलेला असतो, त्या सापाचे विष अन्नात गळते, ब्राह्मण जेवतो आणि मरतो. दोषी कोण? साप परक्याच्या तावडीत होता, ससाणा भुकेला होता, बाईने तर दान दिले होते. विक्रम म्हणतो, विचार न करता यांच्यापैकी कोणाला जो दोषी ठरवेल, दोष त्याचाच. हा सरळसरळ तपासाचा खटला आहे : मृतदेह, विषप्रयोग, तीन संशयित आणि निकाल. आपल्या परंपरेत वेताळ रक्त पिणाऱ्यापेक्षा गुन्ह्याची उकल मागणाऱ्याच्या जास्त जवळ उभा आहे. तुमच्या कथेत डिटेक्टिव्ह आहे म्हणून हा मोह आणखी वाढेल, हे मला समजते.

तरीही ते नाव शिकागोतल्या माणसाला देऊ नये असे मला ठामपणे वाटते. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा देव आहे. आमोण्याला, लोलयेला त्याची देवळे आहेत. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. साष्टीतल्या बेताळभाटी गावाचे नाव त्याच्यावरून पडले आहे, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. भूतगणांचा अधिपती आणि गावाचा राखणदार असे त्याचे स्थान. मिशिगन सरोवराच्या काठी ओव्हरकोट घालून फिरणाऱ्या माणसाला वेताळ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे हे सगळे येणार आणि तुमच्या नायकाला त्यातले काहीच पेलणार नाही.

पिशाच्च हा शब्द फार मोघम आहे. आपल्याकडच्या भुतांची नावे नेमकी असतात आणि ती माणसाच्या आयुष्यात काय अपुरे राहिले ते सांगतात. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. वारसाविना, धनात किंवा जमिनीत जीव अडकून गेला तो समंध. बाळंतपणात गेली ती हडळ. एवढ्या तपशिलाची सवय असलेल्या वाचकाला नुसते ‘पिशाच्च’ म्हटले की तो लगेच विचारणार, कोणते? शिवाय आपले भूत बहुधा देहाविना असते. ते झपाटते, बाधते, अंगात येते, झाड धरते. व्हॅम्पायरचे नेमके उलटे : त्याला स्वतःचाच देह असतो, तो थडग्यातून त्याच देहानिशी उठतो. म्हणून ‘अतृप्त आत्मा’ हा शब्दही त्याला लावू नका. त्याचा आत्मा नव्हे, शरीर भुकेले असते.

रक्तपिपासू या शब्दाची अडचण वेगळी. वर्तमानपत्रांनी तो हुकूमशहांसाठी, दंगलखोरांसाठी इतका वापरला आहे की त्याचा शब्दशः अर्थ आता कोणी घेत नाही. ‘शिकागोतली रक्तपिपासू टोळी’ असे लिहिलेत तर वाचक समजेल की टोळी क्रूर आहे. ती खरोखर रक्त पिते हे त्याला कळायला तीन प्रकरणे जातील. रक्तशोषक म्हणाल तर सावकार आठवतो. कोणी ‘रक्तपी’ असा शब्द घडवून सुचवतो, पण तो कानाला रक्तपिती या रोगाचा लागतो.

परका शब्द घेतला म्हणून खंत करू नका. इंग्रजीतही तो परकाच आहे. १७२५ आणि १७३२ साली सर्बियातल्या खेड्यांत थडगी उकरून प्रेते तपासल्याचे अहवाल ऑस्ट्रियाच्या अंमलदारांनी आणि लष्करी वैद्यांनी लिहिले. त्यांतून हा स्लाव्ह शब्द जर्मनीत, फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये पोचला. तिथल्या भाषांनी त्याला आपल्या घरच्या भुताचे नाव दिले नाही, शब्दच उचलून घेतला. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या रक्त पिणाऱ्या वटवाघळालाही हे नाव नंतर मिळाले, भुतावरून. आणि मराठीत तो मागच्या दाराने केव्हाच आला आहे : हिंदी सिनेमातल्या खलनायिकेला आपण ‘व्हॅम्प’ म्हणतो, तो व्हॅम्पायरचाच तुकडा. अमेरिकी मूकपटांच्या काळात, १९१५च्या सुमारास, पुरुषांना नादी लावून उद्ध्वस्त करणाऱ्या नायिकांसाठी तो रूढ झाला. म्हणजे तुमच्या कथेच्या काळात शिकागोत हा शब्द लोकांच्या तोंडी होताच. एखाद्या पात्राने क्लबातल्या गायिकेला ‘व्हॅम्प आहे ती’ म्हणावे आणि नायकाने क्षणभर दचकावे, अशी जागा तुम्हाला आयती मिळते. तसेच ड्रॅक्युला हे सामान्यनाम करू नका. ते एका पात्राचे नाव आहे आणि १९३१ साली ते बोलपटात आले. योगायोग असा, की अमेरिकी पडद्यावर गँगस्टरपटांची लाट आली तीही त्याच वर्षी.

आता दारूकडे येऊ. इथे मराठी इतकी संपन्न आहे की परके शब्द फार लागणार नाहीत, फक्त नीट निवडावे लागतील. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत जो कायदा होता त्याला ‘दारूबंदी’ हाच शब्द हवा. ‘मद्यपानबंदी’ लिहू नका, कारण त्या कायद्याने दारू बनवणे, विकणे, वाहून नेणे बंद केले होते, पिणे नव्हे. मुंबई राज्याचा १९४९चा कायदा याहून कडक होता. त्यात प्यायलाही परवाना लागे आणि त्याची खूण आजही ‘परमिट रूम’ या पाटीवर दिसते. त्याच काळाने आपल्याला हातभट्टी, अड्डा, हप्ता हे शब्द घरोघरी पोचवले.

स्पीकईझीसाठी मी ‘चोरटा गुत्ता’ सुचवेन. नुसता गुत्ता नको. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून गुत्तेदार म्हणतात. सरकारकडून दारूविक्रीचा गुत्ता घेतलेले दुकान ते गुत्ता, म्हणजे शब्द जन्माने कायदेशीर आहे. ‘चोरटा’ जोडला की अर्थ नीट बसतो. एकदा स्पीकईझी सांगून पुढे सगळीकडे गुत्ता म्हटले तरी चालेल. मुंबईतला ‘आंटीचा अड्डा’ मात्र शिकागोला नेऊ नका, त्याला मुंबईच्या गल्ल्यांचा वास आहे. बूटलेगरला दारूतस्कर म्हणा. हातभट्टीचा शब्द डोंगराळ भागात चोरून गाळलेल्या दारूला अगदी योग्य आहे. पण शहरात लोक घरी जी जिन बनवत ती बहुधा आयत्या अल्कोहोलमध्ये पाणी आणि जुनिपरचा अर्क मिसळून. तिथे भट्टी नसतेच, तेव्हा तिला ‘घरी कालवलेली जिन’ म्हणा.

गँगस्टर हा शब्द ठेवा. भाई, डॉन, सुपारी हे शब्द टाळा, कारण त्यांनी वाचक थेट नागपाड्यात उतरतो. टोळी, टोळीयुद्ध चालतील. १४ फेब्रुवारी १९२९ला शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून मारले, मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा वेश होता. त्याला टोळीयुद्धच म्हणायचे. पण टोळी म्हटले की मराठी मनात दरोडेखोर येतात, आणि शिकागोतला टोळीप्रमुख अल कपोन याचा कारभार कारखाने, मालमोटारी, नगरसेवक आणि हिशेबनीस यांवर चालत होता. त्याला १९३१ साली ११ वर्षांची शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकवल्याबद्दल, आणि पुराव्यात जमाखर्चाच्या वह्या होत्या. म्हणून खतावणी, रोजमेळ, वसुली, हप्ता असे पेढीवरचे शब्द त्या पात्रांच्या तोंडी घाला. ते टोळीपेक्षा जास्त काम करतील.

डिटेक्टिव्हला गुप्तहेर म्हणायची आपली सवय आहे, पण हेर राजाचा असतो आणि शत्रूच्या गोटात शिरतो. भाड्याने तपास करणाऱ्याला ‘खाजगी डिटेक्टिव्ह’ हेच बरे. मात्र ‘हेरणे’ हे क्रियापद सोडू नका. नजरेने नेमके टिपणे हा त्याचा अर्थ. शिकागोतच उभ्या राहिलेल्या पिंकर्टन या डिटेक्टिव्ह कंपनीचे चिन्ह उघडा डोळा होते आणि ब्रीद होते ‘आम्ही कधी झोपत नाही’. खाजगी डिटेक्टिव्हला इंग्रजी बोलीत ‘प्रायव्हेट आय’ म्हणतात, त्या शब्दाशी या डोळ्याचे नाते जोडले जाते. रात्रभर जागणारा, अंधारात माणूस हेरणारा नायक, यासाठी मराठीला वेगळे काही घडवावे लागत नाही.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. मराठीत रक्ताचे वाक्प्रचार इतके आहेत की अशा कथेत ते एकदम जिवंत होतात. नरडीचा घोट घेणे, रक्त आटवणे, तोंडाला रक्त लागणे. एखादा गँगस्टर चिडून म्हणेल, ‘त्याच्या नरडीचा घोट घेईन!’ त्याच्या लेखी ही धमकी आहे, ऐकणाऱ्या नायकासाठी ती रोजची भूक आहे. एकच वाक्य दोघांना दोन अर्थांनी लागते. हे वाक्प्रचार निवेदनात मात्र सहजपणे वापरू नका. ‘खटल्याने त्याचे रक्त आटले’ असे निवेदकच लिहू लागला तर वाचकाचा गोंधळ होईल. पात्रांच्या तोंडीच राहू द्या.

दुसरी जागा उंबरठ्याची. घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा आत येता येत नाही, हा नियम १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत स्पष्ट सांगितला आहे. चोरट्या गुत्त्याचे दारही असेच : झरोक्यातून ओळख पटली तरच उघडायचे. आपल्याकडे पाहुणा दारात ‘येऊ का?’ विचारतो आणि घरचा ‘या ना’ म्हणतो. तो एका अक्षराचा ‘या’ तुमच्या कथेत पूर्ण परवाना ठरतो. दारवान ‘ये’ म्हणतो की ‘या’, यावरून त्याने समोरच्याला काय समजले तेही कळते. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. व्हॅम्पायरने संशयिताच्या घरातून निघताना नुसते ‘येतो’ म्हणावे. एकदा ‘या’ मिळाल्यावर त्याला पुन्हा विचारायची गरज नसते.

चावलेल्या माणसाचे व्हॅम्पायर होणे यासाठी ‘लागण’ हा शब्द घ्या. सर्बियाच्या त्या अहवालांतही एकामागून एक माणसे दगावल्याची, साथीसारखीच हकीगत आहे. ‘बाटवणे’ जोरदार आहे, पण त्याला धर्मांतराचा इतिहास चिकटलेला आहे. एखाद्या कडव्या पात्राच्या तोंडीच तो ठेवा. दातांना सुळे म्हणा, दंत किंवा दंष्ट्रा नको.

लेखनाबद्दल थोडे. ‘व्हॅम्पायर’ असेच लिहा, ‘वॅम्पायर’ नव्हे. व्हिक्टोरिया आणि वॉर्ड यांत मराठी जो फरक करते तोच इथे करायचा. शब्द पुल्लिंगी. एकवचनात डॉक्टरचा, तसा व्हॅम्पायरचा. अनेकवचनात डॉक्टरांना, तसे व्हॅम्पायरांना. ‘व्हॅम्पायर्स’ हे इंग्रजी अनेकवचन मराठी वाक्यात घेऊ नका. स्त्री असेल तर ‘ती व्हॅम्पायर होती’ एवढे पुरते, क्रियापद लिंग सांगून टाकते.