पहिली केमो: सोसू नका, सांगा

इंदुरात डे-केअर वॉर्डमध्ये २२ वर्षं केमोची सलाईन लावण्यात गेली. आता निवृत्त आहे, पण प्रश्न येतच असतात आणि ते यावेत असंच मला वाटतं. या वेळची सगळी पत्रं पहिल्या केमोबद्दलची आहेत.

सासूबाई ६४ वर्षांच्या. स्तनाचं ऑपरेशन झालं, आता केमो. गुरुवारी सकाळी नऊला बोलावलंय. उपाशीपोटी न्यायचं का? सोबत काय घ्यायचं? (सुदामानगर)

वेगळी काही तपासणी सांगितली नसेल तर उपाशी मुळीच नेऊ नका. घरून थोडं खाऊन निघा: मऊ खिचडी, इडली, नाहीतर घरचे पोहे, पण शेव-मिरचीशिवाय. आदल्या दिवशी भरपूर पाणी पाजा, म्हणजे शिरा भरलेल्या राहतात आणि सुई एका टोचण्यात लागते.

नऊला बोलावलं म्हणजे नऊला सलाईन सुरू होईल असं नाही. आधी उंची-वजन घेतात, कारण औषधाची मात्रा त्यावरून ठरते. मग सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), किडनी आणि लिव्हरचे रिपोर्ट डॉक्टर बघतात. पेशी कमी निघाल्या तर केमो पुढे ढकलतात. सगळं ठीक असेल तरच औषध तयार करायला सांगतात, कारण तयार केलेलं औषध फार काळ टिकत नाही. त्यात बारा वाजले तर घाबरू नका.

फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार, आयुष्मान कार्ड बरोबर ठेवा. रोजच्या गोळ्या कागदावर लिहून नेण्यापेक्षा पाकिटांसकट न्या, गोंधळ होत नाही. त्यांना डायबिटीस असेल तर ते सुई लावण्याआधी सांगा. उलटी आणि अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी जे स्टेरॉइड देतात त्यानं साखर चढते आणि त्या रात्री झोपही उडते. सैल बाह्यांचं, पुढून उघडणारं काहीतरी घाला. अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. शाल आणि पायमोजे हवेतच, वॉर्डचा एसी चार तासांत हाडांत शिरतो. आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई लावायची नसते. सिस्टरला माहीत असतं, तरी सासूबाईंनी स्वतः तो हात दाखवून सांगावं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. त्या दिवशी त्यांच्या आवडीचा पदार्थ डब्यात नेऊ नका. मळमळीच्या वेळी खाल्लेल्या पदार्थाची शिसारी बसते ती कधी कधी वर्षभर जात नाही. श्रीखंड नंतर करा.

वडिलांना १९८५ च्या सुमारास केमो दिली होती. ओकून ओकून अर्धे झाले होते. आता माझी पाळी आहे. ते आठवून रात्री झोप येत नाही. (राजेंद्रनगर)

तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, ते मनातून काढा असं मी सांगणार नाही. पण ऑन्डॅनसेट्रॉन हे औषध १९९० च्या सुमारास वापरात आलं. वडिलांच्या वेळी ते नव्हतंच. आज केमोच्या आधीच ते शिरेतून देतात, आणि जास्त उलटी करणाऱ्या औषधांबरोबर आणखी एक-दोन औषधं जोडतात. मळमळ होते, काहींना उलट्याही होतात, पण वडिलांसारखी अवस्था आता क्वचित दिसते.

फक्त घरी दिलेल्या गोळ्या घड्याळ बघून घ्या. “उलटी झाली तर घेऊ” म्हणणारेच जास्त ओकतात. गोळ्या घेऊनही पाणी टिकत नसेल तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

केमोनं हाताची शीर जळते म्हणतात. छातीत पोर्ट (कातडीखालची छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत जाते) बसवा असं डॉक्टर म्हणाले. खर्चामुळे टाळावं का? (महू)

सगळी औषधं जाळत नाहीत, काही मात्र शिरेबाहेर गेली तर मांस जाळतात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे त्यातलं ठळक. म्हणून ते देताना सिस्टर बाजूला बसून, मधे मधे नळीत रक्त मागे येतंय ना हे बघत देते. नळीत तसं रक्त दिसलं म्हणजे काही बिघडलं असं समजू नका, सुई शिरेत आहे याची ती खूण आहे.

मला एक आजी आठवतात. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून शांत बसल्या होत्या. मी शेजारच्या बेडवरून परतले तेव्हा मनगटाजवळ सूज आलेली. औषध तिथेच थांबवलं. “आजी, बोलला का नाहीत?” तर म्हणाल्या, “तू कामात होतीस गं.” ती जखम भरायला कित्येक आठवडे लागले. मी त्यांच्याजवळून उठायला नको होतं, ही चूक माझी. पण तेव्हापासून प्रत्येकाला सुई लावतानाच सांगत आले: आग झाली, टोचलं, घट्ट वाटलं, छाती भरून आली, अंगाला खाज सुटली, तर मी कुणाकडेही असले तरी हाक मारा. ही तक्रार नव्हे, हा उपचाराचाच भाग आहे.

आता पोर्ट. शिरा बारीक असतील, औषध जाळणारं असेल किंवा केमो बरेच महिने चालणार असेल तर पोर्टनं खूप त्रास वाचतो. डॉक्टरांनी आपणहून सुचवलंय तर टाळू नका. योजनेत बसतो का, ते आयुष्मानच्या काउंटरवर आधी विचारा.

आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. “शक्तीची सलाईन” म्हणून न्यायचं ठरलंय. तुम्ही काय म्हणाल? (वैशालीनगर)

असं ठरवून आलेली घरं मी फार पाहिली. मायेपोटीच होतं ते. तरी माझं मत स्पष्ट आहे: सांगा. शक्तीच्या सलाईननं हात जळाला तर त्या म्हणतील, होत असेल तसं. दोन-अडीच आठवड्यांनी केस गळायला लागले की त्यांना कळणारच, आणि तेव्हा तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहणार नाही. शिवाय संमतीचा कागद त्यांचा आहे.

सगळं एका दमात सांगायला नको. “आई, गाठ साधी नाही, औषध कडक आहे, आम्ही बरोबर आहोत,” एवढं आधी. मग त्या विचारतील तेवढंच सांगा. जड जात असेल तर डॉक्टरांना तुमच्यासमोर बोलायला सांगा. बऱ्याच आयांना अर्धं आधीच कळलेलं असतं.

घरात दोन वर्षांचा नातू आहे. त्याला जवळ घ्यायचं नाही का? (रामबाग)

घ्या की! मिठीनं काही होत नाही. औषध ४८ तास लघवी, संडास, उलटीतून जातं, म्हणून तेवढे दिवस फ्लश दोनदा करा, झाकण लावून. खराब कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. लाल औषध असेल तर पहिली लघवी लालसर येते, ते रक्त नव्हे. नातवाला सर्दी-ताप असेल तर मात्र त्यानंच आजीपासून लांब राहायचं.

गुळवेलीचा काढा चालू ठेवावा का? (रतलाम कोठी)

नाही. गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत, आणि केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात. भाजीतली हळद ठीक, हळदीच्या गोळ्या नकोत. काय काय घेताय ते डॉक्टरांपासून लपवू नका.

पहिल्या दिवशी काहीच त्रास झाला नाही, तर निर्धास्त राहावं का? (राऊ)

पहिला दिवस बहुधा सोपाच जातो. जपायचं असतं ते साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, तेव्हा पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा थंडी वाजून आली की रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. गोळीनं पारा उतरतो, जंतू रक्तात वाढत राहतात. अशा वेळी काही तासांतही रुग्ण हाताबाहेर जाऊ शकतो. इमर्जन्सीत शिरताच “केमो चालू आहे, अमुक तारखेला दिली” हे पहिलं वाक्य बोला.

कॅलेंडरवर ते आठ दिवस रंगवून ठेवा. त्यात रंगपंचमीची गेर (मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झाक्या (चित्ररथ) येत असतील तर राजवाड्याच्या गर्दीत रुग्णाला नेऊ नका, आणि त्या रात्री बंद रस्ते टाळून हॉस्पिटलला कसं पोहोचायचं ते घरातल्या एकानं आधीच बघून ठेवावं. सराफ्यातलं, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातलं खाणं, बाहेरचा बर्फ घातलेला उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं या दिवसांत बंद. थर्मामीटर केमोला जायच्या आधीच आणा आणि एकदा लावून बघा. वॉर्डचा रात्रीचा नंबर निघतानाच मागून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा.