बारावीला इंग्रजीत ९१, आणि तिकडे निबंधात अडकला

‘टोफेल झाली, बारावीला इंग्रजीत ९१ पडले, तरी त्याला परत इंग्रजीचा क्लास लावलाय. एवढा का तो ढ आहे?’ माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या आईनं बसता बसताच विचारलं. मुलगा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका कॅम्पसवर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

ढ असण्याचा इथं संबंध नाही. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं प्राथमिक लेखनाची अट पुरी करायची, हा तिथला जुनाच नियम. १८९८ साली तो सुरू झाला तेव्हा त्याला ‘सब्जेक्ट ए’ म्हणत. शाळेत असतानाच एपी इंग्रजीत (अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) पाचपैकी किमान ३ मिळाले तर सुटका होते. टोफेलनं होत नाही. बाकीच्यांनी कोर्स करायचा आणि त्यात निदान ‘सी’ काढायचा. तिथंच जन्मलेली, घरी इंग्रजीच बोलणारी मुलंही या वर्गात असतात. हे ऐकल्यावर आईचा चेहरा जरा सैलावला.

मुलाशी बोलणं झालं ते आपल्या रात्री साडेनऊला, त्याच्या सकाळी नऊला. पहिल्या निबंधाला ‘डी’. त्यानं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ छापाची, मग एक सुविचार, शेवटी ‘तंत्रज्ञान शाप की वरदान हे आपल्याच हाती आहे’. समासात तीन ठिकाणी एकच शेरा: हे कोण म्हणतं? आणि तळाशी: तुझं म्हणणं काय?

बिचाऱ्याला खरंच कळेना की यात चुकलं काय. बोर्डात याच निबंधाला भरभरून मार्क पडले असते.

कोर्स सोडून द्यावा, असं त्याच्या मनात होतं. तिथं मात्र मी त्याला थांबवलं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात साधारण १२ क्रेडिट ठेवावे लागतात. न विचारता त्याखाली गेलास तर व्हिसाचं लफडं होईल. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जा, म्हटलं. एआयकडून लिहून घेतलं तर, हेही त्यानं दबकत विचारलं. म्हटलं, पकडला गेलास तर ‘डी’ परवडला म्हणशील.

मग विचारलं, बाबांना मेकॅनिकलऐवजी कॉम्प्युटरसाठी कसं तयार केलंस? तो हसला. रात्री दोनला पाठवलेला लांबलचक मेसेज त्यानं शोधून वाचून दाखवला. ‘बाबा, तुम्ही म्हणता मेकॅनिकलला मरण नाही, ते खरंय. पण काकांच्या कंपनीत दोन वर्षांत किती जण घेतले ते त्यांनाच विचारा.’ पुढे फीचा हिशोब, कर्जाचा हप्ता, आणि बाबांच्या मनात येईल त्या शंकेला आधीच दिलेलं उत्तर.

‘हाच निबंध,’ मी म्हटलं. तो गप्प. मग म्हणाला, ‘पण मॅडम, हे तर मी भांडत होतो.’

दुसऱ्या निबंधाचा कच्चा खर्डा त्यानं आधी मराठीत लिहिला, बाबांना उद्देशून. इंग्रजीत आणल्यावर तो घेऊन कॅम्पसच्या रायटिंग सेंटरला गेला. तिथं पैसे पडत नाहीत, तरी तोवर तिकडे फिरकला नव्हता; लाज वाटायची.

तीन आठवड्यांनी फोटो आला. ‘सी प्लस’. ‘हे कोण म्हणतं?’ अजून एका ठिकाणी होतंच. त्याखाली त्यानं मला लिहिलं होतं: ‘हे काका म्हणतात, पण काकांचा संदर्भ कसा द्यायचा?’