बोलत नसेल तर वाट पाहू नका

या वेळीही निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच: मूल उशिरा बोलतंय, थांबावं का? त्याआधी दोन छोटे प्रश्न.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची झाली, अजून आधाराशिवाय बसत नाही. शेजारची सहाव्यातच बसली. (जुळे सोलापूर)

उत्तर : मान पक्की धरत असेल, कुशीवर वळत असेल तर शेजारच्या मुलीशी तुलना सोडा. नववा महिना संपेपर्यंत बसली नाही, तर दाखवा.

प्रश्न : दहा महिन्यांच्या मुलासाठी वॉकर घ्यावा का? दुकानदार म्हणतो, महिनाभरात चालेल. (होटगी रोड)

उत्तर : घेऊ नका. वॉकरने मूल लवकर चालत नाही. जिन्यावरून पडतं, गरम चहापर्यंत हात पोचतो. कॅनडात २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे, आपल्याकडे तो खेळणं म्हणून खपवला जातो. सतरंजी अंथरा आणि पोराला जमिनीवर सोडा.

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा. ‘अम्मा’, ‘नीळ्ळू’ (पाणी), ‘दे’ एवढंच बोलतो. घरात तेलुगू, शेजारी मराठी. सासूबाई म्हणतात, दोन भाषांनी गोंधळलाय, वडीलही उशिरा बोलले होते. वेखंड चाटवतोय. ताट वाजवलं की वळून बघतो, म्हणजे कान ठीक आहेत. तिसरं लागेपर्यंत थांबावं का? (अशोक चौक)

उत्तर : थांबू नका. दोन भाषांनी बोलणं अडत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात पोरं तेलुगू-मराठी एकत्रच शिकतात. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोजा. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द हवेत आणि ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची जोड हवी. तीन शब्द फारच कमी आहेत.

आणि ताट वाजवून कान तपासणं कृपा करून बंद करा! ताटाचा आवाज मोठा असतो, शिवाय मुलाला तुमचा हात हलताना दिसतो. थोडं कमी ऐकणारं मूलही वळतं. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि शब्द त्याला अर्धेच कळतात. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं, तरी असंच होतं. खरी तपासणी म्हणजे ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात). बेरासाठी मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात; दुखत नाही. खरं तर ऐकण्यातला दोष तिसऱ्या महिन्यापर्यंत कळून सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. इथे तर सव्वादोन वर्षं गेलीत.

नावाने हाक मारल्यावर बघतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, नजरेला नजर देतो का, हेही लिहून न्या. यातली एखादी गोष्टही नसेल तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणीही लागेल. वेखंड थांबवा, त्याने बोलणं येत नाही. वडील उशिरा बोलले म्हणून मुलाची तपासणी टाळायची नसते. याच आठवड्यात सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवा. पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मुलगी दोन महिने आधी जन्मली. आता आठ महिन्यांची आहे. वय कसं धरायचं? (विडी घरकुल)

उत्तर : विकासासाठी सहा महिन्यांची धरा, दोन वर्षांची होईपर्यंत असंच. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. ती एकच हात वापरत असेल, दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, तर वयाचा हिशेब न करता लगेच दाखवा.